लाल ठिपक्यांची वही: दारव्हा तालुक्यातल्या एका प्रकल्पाच्या नोंदी

२३ ऑगस्ट २०२५

काल पोळा झाला. आज तान्हा पोळा, गल्लीत पोरांचे लाकडी बैल फिरताहेत. अकरावीच्या दोघी, स. आणि वै., दुपारी घरी आल्या आणि प्रकल्प ठरला: अवकाशातल्या जेम्स वेब दुर्बिणीच्या छायाचित्रांत सर्वांत दूरची दीर्घिका शोधायची. मी या दोघींना भौतिकशास्त्र शिकवते, तेही तासिका तत्त्वावर. हा प्रकल्प कॉलेजच्या कोणत्याही स्पर्धेसाठी नाही. जेम्स वेब दुर्बिणीची छायाचित्रं कोणालाही फुकट उतरवून घेता येतात, हे मागच्या महिन्यात वर्गात बोलता बोलता निघालं आणि वै. ने विचारलं, "मॅडम, कोणालाही म्हणजे आपल्यालापण?" आपल्यालापण.

भाग निवडला तो सीअर्स नावाच्या सर्वेक्षणाचा. टेक्सास विद्यापीठातले स्टीव्हन फिंकेलस्टाइन त्याचे प्रमुख. वेबने हा पट्टा २०२२ च्या जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये टिपला. ही माहिती पहिल्या दिवसापासून सगळ्यांसाठी खुली होती, राखीव काळ नव्हताच. निवडीचं दुसरं कारण माझं स्वतःचं आहे. हा पट्टा सप्तर्षींच्या शेपटाजवळ येतो, मरीचीपासून साधारण सहा अंशांवर. हात लांब करून तीन बोटं आडवी धरली की जवळजवळ तेवढं अंतर होतं. ज्या आकाशाचं मोजमाप करायचं ते पोरींना अंगणातून बोटाने दाखवता यायला हवं, असं मला वाटत होतं.

रात्री आठच्या सुमारास ढग थोडे फाटले. वायव्येला सप्तर्षी उतरत होते. मरीची दाखवला, तीन बोटं मोजली. तिथे डोळ्याला काहीच दिसत नाही. स. म्हणाली, "मोकळंच आहे की." वहीच्या पहिल्या पानावर तिने तेच लिहिलं आहे.

३० ऑगस्ट

माहिती आणायची कशी, यात आठवडा गेला. सर्वेक्षणाचे दहा तुकडे, प्रत्येक तुकड्याचे सात फिल्टर, आणि एकेक फाइल जीबीच्या वर. माझ्या मोबाइलला दिवसाला दोन जीबी. पावसात टॉवर दोन दिवस बंद होता, वीज तर जाऊन येऊनच असते. शेवटी अमरावतीच्या आतेभावाने त्याच्या हॉस्टेलवर एका तुकड्याच्या सगळ्या फाइली उतरवल्या आणि पेनड्राइव्ह एसटीच्या वाहकाच्या हाती दिला. मी स्टँडवर पावसात उभी होते. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, वर माझं नाव लिहिलेला तो पेनड्राइव्ह हातात आला तेव्हा माझा हात खरंच थरथरला.

एकच तुकडा घेतला. सगळे दहा मिळून पौर्णिमेच्या चंद्राच्या साधारण आठव्या हिश्शाएवढं आकाश होतं. आपल्या वाट्याला त्याचा दहावा भाग.

३ सप्टेंबर

लॅपटॉपची मेमरी ८ जीबी. अख्खी फाइल उघडली की मशीन गोठतं. फाइल डिस्कवरच ठेवून हवा तेवढाच चौकोन वाचायची सोय अ‍ॅस्ट्रोपाय या खगोलशास्त्राच्या संगणक-साधनात आहे, ती सापडली. आता दोनशे बाय दोनशे पिक्सेलचे तुकडे सहज उघडतात.

पहिला तुकडा उघडला तेव्हा तिघीही गप्प झालो. स. ला जिथे मोकळं दिसलं होतं तिथे मोजायला बसावं तर संध्याकाळ व्हावी इतक्या दीर्घिका आहेत.

२१ सप्टेंबर

आज दोघींना फिल्टरांची भाषा शिकवली. फिल्टरच्या नावातच तरंगलांबी असते: ११५ म्हणजे १.१५ मायक्रॉन, ४४४ म्हणजे ४.४४ मायक्रॉन. आमच्याकडे ११५, १५०, २००, २७७, ३५६, ४१० आणि ४४४ आहेत. सगळे अवरक्त, डोळ्यांना न दिसणारे.

विश्व प्रसरण पावतं, म्हणून लांबून येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी वाटेत ताणली जाते. या ताणण्याला रेडशिफ्ट म्हणतात. जुन्या पुस्तकांत ताम्रसृती हा शब्द आहे, मला तो फार आवडतो, पण पोरींच्या तोंडी रेडशिफ्टच बसलं. रेडशिफ्ट १० म्हणजे तरंगलांबी अकरा पट. हायड्रोजनची लायमन-आल्फा रेषा, म्हणजे त्याच्या प्रकाशाची एक ठरलेली तरंगलांबी, मुळात ०.१२१६ मायक्रॉनवर, जंबुपार भागात असते. अकरा पट केली की १.३४ मायक्रॉन. त्याहून आखूड तरंगलांबीचा प्रकाश वाटेतला हायड्रोजन गिळून टाकतो. म्हणजे अशी दीर्घिका १५० मध्ये दिसेल आणि ११५ मध्ये साफ गायब असेल. गायब होणं हीच खूण.

वै. ने लगेच उलटं गणित मांडलं. आजची सर्वांत दूरची पक्की दीर्घिका मॉम-झेड१४, रेडशिफ्ट १४.४४, म्हणजे महास्फोटानंतर, विश्वाच्या आरंभानंतर, अवघ्या २८ कोटी वर्षांची. ०.१२१६ गुणिले १५.४४ बरोबर १.८८. "म्हणजे ही १५० मध्येपण नाही दिसणार, २०० पासून पुढे दिसेल." बरोबर. मी फक्त खडू खाली ठेवला.

४ ऑक्टोबर

सोयाबीनची सोंगणी सुरू आहे, दोघी आठवडाभर वावरात होत्या. आज दोन तास मिळाले. ते एका फसलेल्या दीर्घिकेवर घालवले, आणि चांगले घालवले असं मी म्हणेन.

आमच्याच पट्ट्यातली ही गोष्ट. २०२२ च्या उन्हाळ्यात ९३३१६ क्रमांकाचा एक ठिपका सापडला. रंगांवरून रेडशिफ्ट १६ च्या पुढे निघत होतं, म्हणजे महास्फोटानंतर जेमतेम २५ कोटी वर्षं. जगभर गाजला. २०२३ मध्ये पाब्लो अराबाल हारो आणि सहकाऱ्यांनी वेबच्याच वर्णपटमापकाने त्याचा प्रकाश फाकवून पाहिला, तर रेडशिफ्ट निघालं ४.९. महास्फोटानंतर सुमारे १२० कोटी वर्षं. त्याच निरीक्षणांत याच पट्ट्यातली मेझीची दीर्घिकाही तपासली गेली (फिंकेलस्टाइन यांच्या मुलीचं नाव तिला दिलंय) आणि ती मात्र ११.४ वर खरीखुरी दूर निघाली.

हे झालं कसं, ते आम्ही कागदावर करून पाहिलं. रेडशिफ्ट ४.९ म्हणजे ५.९ पट. ऑक्सिजनची तेजस्वी रेषा ०.५००७ वरून २.९५ मायक्रॉनवर येते, ती २७७ च्या फिल्टरमध्ये पडते. हायड्रोजन-आल्फा ०.६५६३ वरून ३.८७ वर, म्हणजे ३५६, ४१० आणि ४४४ या तिघांच्या सीमा जिथे एकमेकींवर चढतात नेमकी तिथे. एका रेषेने तीन फिल्टर उजळले, दुसरीने चौथा, आणि त्यात ही दीर्घिका धुळीने लालसर. चारही फिल्टरांत सारखा उजेड आणि अलीकडे अंधार, म्हणजे हुबेहूब दूरच्या दीर्घिकेचं रूप.

एवढं मोठं रेडशिफ्ट सांगतानाच काही संशोधकांनी पाचच्या आसपासची शक्यताही तेव्हाच लिहून ठेवली होती, हे दोघींना मुद्दाम सांगितलं. त्यांच्या मोजण्यात चूक नव्हती, मोजमाप जेवढं सांगत होतं तेवढंच ते सांगत होतं.

यानंतर प्रकल्पाची दिशा बदलली. सर्वांत दूरचं शोधण्याचा हट्ट सोडला. आमच्या एका छोट्या तुकड्यात ते सापडायची शक्यताही कमी. त्याऐवजी 'छोटे लाल ठिपके' घ्यायचे. वेबने दाखवेपर्यंत ही जात कोणाला माहीतच नव्हती. योरित माथे आणि सहकाऱ्यांनी हे नाव रूढ केलं. बहुतेक ठिपके महास्फोटानंतरच्या साधारण ६० ते १५० कोटी वर्षांतले. निळ्या बाजूला थोडा उजेड, मध्ये खळगा, मग लाल बाजूला एकदम चढ, असा इंग्रजी व्ही अक्षरासारखा वर्णपट. आणि आकाराने इतके लहान की वेबलाही ते बिंदूच दिसतात.

२७ ऑक्टोबर

दिवाळी संपली. आजची चूक सविस्तर लिहून ठेवते.

ठिपका लहान आहे की पसरट, हे ठरवायची पद्धत सोपी आहे. ४४४ च्या चित्रात ठिपक्याभोवती एक छोटं वर्तुळ काढायचं, ०.२ सेकंद व्यासाचं, आणि एक मोठं, ०.४ सेकंद व्यासाचं. (हे कोनाचे सेकंद, एका अंशाचा ३६०० वा भाग.) दोन्हींतला प्रकाश मोजायचा. मोठ्यातला प्रकाश लहानातल्याच्या १.७ पटीहून कमी भरला तर ठिपका आटोपशीर समजायचा. संशोधकांनी छापलेली कसोटी आहे, तीच घेतली. सोबत रंगाच्या अटी: ११५ ते १५० फारसा चढ नको, २०० ते २७७ आणि २०० ते ३५६ चांगला चढ हवा.

गणित चालवलं आणि ६१ ठिपके आले. स. टाळ्या वाजवायला लागली. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. ज्ञात घनतेवरून एवढ्या तुकड्यात पाच-सहा अपेक्षित होते. यादीतले दहा उघडून पाहिले तर चारांना चक्क शेपटं होती, एक तर सरळ कडेने दिसणारी तबकडी.

दीड तास डोकं चालेना. मग वै. ने फोटयुटिल्स या प्रकाश मोजणाऱ्या साधनाच्या सूचना वाचता वाचता विचारलं, "मॅडम, हे त्रिज्या मागतंय, व्यास नाही. आपण काय दिलं?"

आम्ही व्यासच दिला होता. चित्रातला एक चौकोन, म्हणजे पिक्सेल, ०.०३ सेकंदांचा. ०.४ सेकंद व्यासाच्या वर्तुळाची त्रिज्या ६.६७ चौकोन व्हायला हवी, आम्ही १३.३३ दिली होती. वर्तुळं दुप्पट मोठी झाली, लहानातच बहुतेक प्रकाश मावला, गुणोत्तर एकाजवळ आलं आणि पसरट दीर्घिकाही आटोपशीर ठरून आत शिरल्या. दुरुस्त केलं, परत चालवलं. ९ ठिपके.

बावन्न नावं एका ओळीने खोडली गेली. वै. ला मी सांगितलं की आजचा दिवस तुझा. ती काही बोलली नाही, पण वहीत चुकीचा कोड जसाच्या तसा लाल शाईने उतरवून त्याच्या खाली तारीख घातली.

९ नोव्हेंबर

अजून एक मोजमापाची बाब. कोणतीही दुर्बीण बिंदूला बिंदू दाखवत नाही, थोडा पसरवते, आणि हा पसारा तरंगलांबीला आरशाच्या व्यासाने भागून येतो. वेबचा आरसा साडेसहा मीटर, सोन्याचा मुलामा दिलेल्या १८ षटकोनी तुकड्यांचा. ४.४ मायक्रॉनला पसारा ०.१४ सेकंद, १.१५ ला जेमतेम ०.०४. म्हणजे एकाच वर्तुळात ११५ चा जवळजवळ सगळा प्रकाश येतो आणि ४४४ चा बराचसा बाहेर सांडतो. तसाच रंग काढला तर लाल ठिपका आहे त्यापेक्षा कमी लाल दिसणार. म्हणून सगळी चित्रं मुद्दाम ४४४ एवढी धूसर करून घेतली. स. ला हे पटेना. चांगलं चित्र खराब कशाला करायचं? मी म्हटलं, दोन वजनं तोलायची तर तराजू एकच हवा.

एककही इथेच लिहून ठेवते, नंतर गोंधळ नको: चित्रात चौकोनाची किंमत १ असेल तर तो २१.१५ नॅनोजान्स्की. नऊच्या नऊ ठिपके तोलून टिकले.

१७ नोव्हेंबर

काल बाबांबरोबर जागलीला गेले. हरभरा उगवून वर आलाय, डुकरं रात्री येतात. माळ्यावर घोंगडं पांघरून बसलो. पूर्वेला मृग वर येत होता. सप्तर्षी या दिवसांत संध्याकाळी दिसत नाहीत.

बाबांना प्रकल्पाबद्दल सगळं माहीत आहे, रोज जेवताना ऐकतात. म्हणाले, "तुह्यावाला तो ठिपका हातभर हाय का कोसभर, हे त्या दुर्बिणीले समजते कसं?" मी म्हटलं, रंगावरून अंदाज, पक्कं वर्णपटावरून. ते थोडा वेळ गप्प. मग धुऱ्याकडे बॅटरी मारली. दोन डोळे हिरवट चमकले, जमिनीपासून चांगले उंच. "रोही." बॅटरी डावीकडे फिरवली. काही नाही. पण पाचोळा वाजत होता. त्यांनी डबा बडवला आणि तीन-चार काळे आकार नाल्याकडे पळाले.

"रोह्याचे डोये चमकते, डुकराचे नाई चमकत. म्हून काय डुक्कर नसते का?"

हे खरं आहे. डुकराच्या डोळ्यात प्रकाश परत फेकणारा पडदाच नसतो. मी तिथे बसून वेगळ्याच गोष्टीचा विचार करत होते: लाल ठिपक्यांच्या आत कृष्णविवर असेल का? कृष्णविवर वायू गिळतं तेव्हा क्ष-किरण बाहेर पडतात, ही त्याची इतकी वर्षं मानलेली खूण. आमच्या पट्ट्याकडे चंद्रा दुर्बिणीने (चंद्रशेखर यांच्या नावाची, १९९९ पासून अवकाशात) एकूण सुमारे ८ लाख सेकंद, म्हणजे नऊ दिवसांहून जास्त, टक लावून पाहिलंय. तरी बहुतेक लाल ठिपके क्ष-किरणांत दिसतच नाहीत. कित्येकांची चित्रं एकावर एक रचूनही नाही.

मग आत कृष्णविवर नाहीच का? की आहे, पण इतक्या दाट वायूत गुंडाळलेलं की क्ष-किरण बाहेरच येत नाहीत? आना द ग्राफ आणि सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये 'क्लिफ' म्हणजे कडा नावाचा एक ठिपका मांडला, रेडशिफ्ट ३.५५. त्याच्या वर्णपटात एका जागी प्रकाश इतका सरळ तुटतो की ताऱ्यांच्या कोणत्याही गर्दीने तो कडा तयार होत नाही. दाट हायड्रोजनच्या वेष्टनाने होतो. म्हणून 'कृष्णविवर-तारा' ही कल्पना आली: मध्ये कृष्णविवर, भोवती ताऱ्याच्या वातावरणासारखा वायूचा जाड थर. माझा कल याच बाजूला आहे.

पहाटे घरी येऊन बाबांचं वाक्य वहीत उतरवलं, त्यांच्याच बोलीत.

४ डिसेंबर

पेपरात पुण्याची बातमी. एनसीआरए या खगोलभौतिकी संस्थेतल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्या चित्रांतून एक सर्पिल दीर्घिका शोधली, नाव अलकनंदा. महास्फोटानंतर साधारण १५० कोटी वर्षांची, आणि तरीही दोन रेखीव बाहू, ३० हजार प्रकाशवर्षांचा विस्तार. एवढ्या लवकर इतकी नीटनेटकी तबकडी तयार होईल असं कोणाला वाटलं नव्हतं. अबेल २७४४ हा दीर्घिकांचा पुंज तिच्या आड येतो आणि त्याच्या गुरुत्वाने तिचा प्रकाश वाढतो. एकवीस फिल्टरांतली चित्रं वापरली आहेत. आमच्याकडे सात आहेत, त्यामुळे एकवीसची किंमत आम्हाला आता कळते.

कात्रण वर्गाच्या भिंतीला लावलं. स. बराच वेळ त्यापाशी उभी होती. "मॅडम, ही राशी जैन पीएच.डी. करतेय?" हो. "ही चित्रंपण सगळ्यांना खुलीच होती?" तीही.

कापसाची वेचणी जोरात आहे. पुढचे दहा दिवस दोघी येणार नाहीत.

१४ डिसेंबर

नऊपैकी तीन गेले.

दोन कडेजवळचे निघाले. तिथे सगळी चित्रं एकावर एक नीट बसलेली नाहीत, वैश्विक किरणांचे ओरखडे उरलेत. तीन फिल्टरांत एक जागा, बाकीच्यांत दुसरी. ठिपका नव्हेच.

तिसऱ्याने मात्र झोप उडवली. २७७ पासून ४४४ पर्यंत झकास चढ, अगदी बिंदू, दिसायला सगळ्या नवांत देखणा. पण ११५ मध्येही तो जोरात चमकतो आणि २०० मध्ये पडतो. लाल ठिपक्यात निळ्या बाजूचा उजेड सौम्य असतो, असा उसळत नाही. पुस्तकं काढून बसलो. हा तपकिरी बटू असणार. तारा व्हायला वस्तुमान अपुरं पडलेला, थंड, वातावरणात मिथेन आणि पाण्याची वाफ असलेला गोळा. मिथेन आणि वाफ ठरावीक तरंगलांब्या गिळतात, उरलेल्या खिडक्यांतून प्रकाश बाहेर पडतो, एक खिडकी सव्वा मायक्रॉनपाशी, दुसरी चारपाशी. म्हणून हे रूप.

म्हणजे तो आपल्याच आकाशगंगेतला. यादीत त्याच्या खालच्याच ओळीतला ठिपका हजार कोटी प्रकाशवर्षांच्या पलीकडचा असू शकतो, आणि चित्रात दोघं सारखेच, तीन चौकोनांचे. बाबांना सांगितलं. म्हणाले, "मंग इचारलं ते बरोबरच होतं माह्यं."

उरले सहा.

२८ डिसेंबर

आज फक्त गणित. कृष्णविवर किती वेगाने वाढू शकतं? गिळताना जो प्रकाश निघतो त्याचाच दाब बाहेरून येणाऱ्या वायूला रोखतो, त्यामुळे वेगाला मर्यादा पडते. ही एडिंग्टन मर्यादा. गिळलेल्या वस्तुमानाचा दहावा हिस्सा प्रकाश होतो असं धरलं तर वस्तुमान दुप्पट व्हायला साधारण साडेतीन कोटी वर्षं लागतात.

दोघींना प्रश्न दिला: मोठा तारा मरून १०० सूर्यांचं कृष्णविवर झालं, त्याचं १ कोटी सूर्यांचं व्हायला किती काळ? लाखपट, म्हणजे जवळजवळ सतरा वेळा दुप्पट. साडेतीन कोटीने गुणलं की सुमारे ५८ कोटी वर्षं. तीही एक दिवस उपाशी न राहता.

मग युएचझेड१ या दूरच्या दीर्घिकेची माहिती काढली. रेडशिफ्ट १०.१, महास्फोटानंतर सुमारे ४७ कोटी वर्षं. तिचे क्ष-किरण चंद्रा दुर्बिणीने टिपले आहेत आणि आतल्या कृष्णविवराचं वस्तुमान कोटी सूर्यांच्या घरात निघतं. स. ने दोन्ही आकडे शेजारी लिहिले आणि पेन थांबलं. "वेळच पुरत नाही."

पुरत नाही. म्हणून काही जण म्हणतात की बीजच मोठं होतं: आद्य वायूचा अख्खा ढग तारा न होता थेट कोसळला आणि दहा हजार ते लाख सूर्यांचं कृष्णविवर जन्मलं. खगोलशास्त्रज्ञ प्रियंवदा नटराजन यांनी ही कल्पना वेब उडण्याच्या खूप आधीपासून लावून धरली आहे. दुसरे म्हणतात मर्यादा काही काळ ओलांडली जाऊ शकते. आमचे सहा ठिपके यावर निकाल देणार नाहीत, पण प्रश्न कुठे अडलाय ते आज दोघींना स्वतःच्या आकड्यांतून दिसलं. मला वर्षभरात वर्गात असा तास मिळाला नव्हता.

११ जानेवारी २०२६

सहापैकी एकाचा वर्णपट आहे!

कोपनहेगनच्या डॉन संग्रहात वेबचे खुले वर्णपट नीट करून ठेवलेले असतात. सहा ठिपक्यांचे निर्देशांक, म्हणजे आकाशातल्या जागेचे आकडे, एकेक करून टाकले. पाचांना काही नाही. चौथ्या क्रमांकापाशी एक फाइल निघाली. फाइल छोटी, मोबाइलवरच उतरली.

संग्रहाने दिलेलं उत्तर झाकून ठेवलं आणि आलेख छापून दोघींपुढे ठेवला. डावीकडे उथळ उजेड, मध्ये खळगा, उजवीकडे चढ. आणि चढावर एक मोठं शिखर. पट्टीने वाचलं: ४.०५ मायक्रॉन. वै. म्हणाली हायड्रोजन-आल्फा. भागिले ०.६५६३, वजा एक, ५.१७. पण एका रेषेवर कोणाला विश्वास ठेवू द्यायचा नाही, हे आम्ही ९३३१६ वरून शिकलोय. मग ऑक्सिजनच्या जोडीची जागा आधी गणिताने काढली, ३.०६ आणि ३.०९, आणि नंतरच आलेखाकडे पाहिलं. दोन्ही तिथेच उभ्या होत्या. धाकटी डावीकडे, थोरली उजवीकडे, जशा असायला हव्यात तशा. कागद उचलून संग्रहाचा आकडा पाहिला. ५.१७.

स. रडली. मीही.

मग रुंदी. ऑक्सिजनच्या रेषा सुईसारख्या. हायड्रोजनची मात्र पायथ्याशी पसरलेली, अर्ध्या उंचीवर ०.०२७ मायक्रॉन. भागिले ४.०५, गुणिले प्रकाशाचा वेग: सेकंदाला २००० किलोमीटर. ऑक्सिजन विरळ, दूरच्या वायूत असतो, तो शांत आहे. हायड्रोजन मध्याजवळ आहे आणि तिथे काहीतरी त्याला सेकंदाला दोन हजार किलोमीटरने फिरवतंय. यावरून कृष्णविवराचं वस्तुमान काढायचं सूत्र आहे आणि वै. ला ते वापरायचं होतं. मी थांबवलं. दाट वायूतल्या इलेक्ट्रॉनांवर प्रकाश विखुरला तरी रेषा अशीच पसरते, आणि तसं असेल तर वस्तुमान फुगवून निघेल. वहीत वेग लिहिला, वस्तुमानाची जागा कोरी ठेवली.

रेडशिफ्ट ५.१७ म्हणजे महास्फोटानंतर सुमारे ११३ कोटी वर्षं. ठिपका चित्रात ०.१४ सेकंदांच्या आत मावतो, त्या अंतरावर म्हणजे तीनेक हजार प्रकाशवर्षांहून लहान. आपली आकाशगंगा लाखभर प्रकाशवर्षांची.

१९ जानेवारी

पहाटे पाचला दोघींना घेऊन गावाबाहेर गेलो. बाबाही आले. थंडी कडाक्याची, पऱ्हाटीवर दव. सप्तर्षी उत्तरेला चांगले उंच होते. ऑगस्टमध्ये उतरताना पाहिलेले, आता चढलेले. मरीचीपासून तीन बोटं स. ने स्वतः मोजली आणि बाबांना दाखवली.

"इथं हाय का तो?"

"इथंच, आबाजी. दिसत नाही."

बाबांनी बराच वेळ तिकडे पाहिलं.

घरी येऊन चहा झाल्यावर वै. ने वहीतला शेवटचा तक्ता पूर्ण केला. चौथ्या ठिपक्यापुढे ५.१७. बाकीच्या पाचांपुढे निर्देशांक, रंग, आटोपशीरपणाचं गुणोत्तर, आणि शेवटच्या रकान्यात पाचही वेळा तेच दोन शब्द: अंतर अनिश्चित. डॉन संग्रहात नवीन वर्णपट येत राहतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पाचही निर्देशांक पुन्हा टाकून पाहायचे, हे काम स. ने घेतलं आहे.